काचबिंदूचे थेंब: बाटली उघडण्यापासून डोळा मिटेपर्यंत

दाढदुखीवरची गोळी चुकली तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. काचबिंदूचं तसं नाही. थेंब गालावरून ओघळून गेला किंवा आठवडाभर टाकायचाच राहिला, तरी डोळा दुखत नाही आणि नजरही कालच्यासारखीच वाटते. आत मात्र दाब चढलेला असतो आणि डोळ्यामागच्या दृष्टीच्या नसेचे तंतू हळूहळू मरत असतात. त्या नसेतून गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही. थेंब फक्त उरलेली नजर राखतात, म्हणून तो नुसता टाकून भागत नाही, डोळ्यात पोचावा लागतो.

औषध कोणतं आणि किती वेळा, हे तुमचे नेत्रतज्ज्ञ ठरवतील. इथे आहे ते चिठ्ठी हातात पडल्यानंतरचं काम.

## 1. दवाखान्यातून निघण्याआधी चिठ्ठी समजून घ्या

चिठ्ठीवर 'आरई' म्हणजे उजवा डोळा, 'एलई' म्हणजे डावा आणि 'बीई' म्हणजे दोन्ही. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टीडीएस' किंवा 'टीआयडी' म्हणजे तीनदा, 'एचएस' म्हणजे रात्री झोपताना. सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो 'ओडी' या दोन अक्षरांनी. इतर डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्यांचा अर्थ 'दिवसातून एकदा'. डोळ्यांच्या लॅटिन संक्षेपांत मात्र तीच अक्षरं 'उजवा डोळा' सांगतात. चिठ्ठीत 'ओडी' दिसलं तर डॉक्टरांकडून किंवा तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टकडून (डोळे तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडून) मराठीत लिहून घ्या: कोणता डोळा, किती वाजता, किती दिवस. काचबिंदूत 'किती दिवस'चं उत्तर बहुधा 'सांगेपर्यंत चालू' हेच असतं. बाटली संपली म्हणजे औषध संपलं, असं समजून थांबणारे पुष्कळ असतात. जंतुसंसर्गाच्या औषधासारखा याचा कोर्स नसतो.

याच वेळी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढच्या गोष्टी सांगा:

- दमा, जुना खोकला-धाप, नाडी मंद असणं, हृदयाच्या ठोक्यांचा कोणताही आजार. टिमोलॉल नावाचं नेहमीचं औषध अशांना धोक्याचं ठरू शकतं. थेंब डोळ्यात टाकला तरी नाकावाटे रक्तात उतरतो.
- मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असणं. साखर उतरली की छातीत धडधडतं. टिमोलॉलमुळे ती इशाऱ्याची धडधड जाणवेनाशी होऊ शकते.
- सल्फाची ॲलर्जी. डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड ही काचबिंदूची औषधं त्याच कुळातली आहेत.
- गरोदरपण, अंगावर पाजणं आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, इनहेलर, मलमं.

तपासा: घरी पोचल्यावर चिठ्ठी न बघता 'कोणतं औषध, कोणत्या डोळ्यात, किती वाजता' हे तोंडी सांगता येतं का? अडखळलात तर त्याच दिवशी फोन करून विचारा.

## 2. बाटली विकत घेताना

मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर घाबरायचं कारण नाही, पण लेबलावरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव आणि टक्केवारी चिठ्ठीशी जुळवून बघा. काचबिंदूच्या बऱ्याच बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात, आणि त्यांतलं एक पुष्कळदा टिमोलॉल असतं. चिठ्ठीत जोड-औषध लिहिलेलं, घरात टिमोलॉलची जुनी बाटली, आणि दोन्ही चालू, असं झालं की तेच औषध दुप्पट अंगात जातं आणि वयस्कर माणसाला चक्कर येऊ शकते. जनऔषधी केंद्रातून घेतलेल्या औषधालाही हीच जुळवणी लागू. टोपणाच्या रंगावर भरवसा ठेवू नका, कंपनी बदलली की रंग बदलू शकतो.

लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या नेहमीच्या औषधाच्या न उघडलेल्या बऱ्याच बाटल्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. लेबलावर तसं असेल तर दुकानदार बाटली फ्रिजमधून काढून देतोय का, ते बघा. उन्हाळ्यात ती बर्फाच्या छोट्या पाकिटासोबत न्या, पण बाटली बर्फाला थेट चिकटू देऊ नका. स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत ती तासभरही ठेवायची नाही. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात एका झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. उघडल्यावर ही बाटली साधारण 25 अंशांखाली बाहेर चालते, पण मार्च ते जून आपल्याकडे घरात 25 अंश असतात कुठे? त्या दिवसांत उघडलेली बाटलीही फ्रिजमध्येच बरी. फ्रिज न लागणारं लॅटानोप्रोस्टही मिळतं, म्हणून लेबल वाचणं आलंच.

आता हिशोब. 2.5 मिलिलिटरच्या बाटलीत थेंबाच्या आकारानुसार साधारण 50 ते 80 थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकदा म्हणजे महिन्याला 60 थेंब. रोज एखादा वाया गेला तर बाटली विसाव्या दिवसाच्या आसपासच रिकामी होऊ शकते. पुढची बाटली संपायच्या आठवडाभर आधी आणून ठेवा. गणपतीला गावी किंवा लग्नाला बाहेरगावी जाताना एक जादा घ्या, कारण तालुक्याच्या दुकानात तेच औषध मिळेल याची खात्री नसते.

## 3. नवी बाटली उघडताना

इथली चूक महिनाभर भोवते. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांच्या नोझलला आधी भोकच नसतं. टोपण काढून बाटली दाबली तर काही येत नाही, मग घरात टाचणी, सुई, ब्लेड, कोणी तर तापवलेली सुई शोधतं. त्याने भोक मोठं आणि वाकडं होतं. थेंब जाड पडतो, बाटली पंधरा दिवसांत संपते, सुईवरची घाण आत जाते आणि कापलेलं टोक डोळ्याला ओरखडा काढू शकतं.

टोपण उलटं करून आत बघा: मधोमध एक बारीक टोकदार काटा दिसेल. भोक पाडायचं काम त्याचं आहे.

1. टोपणाखालची सुटी कडी असेल तर ती आधी ओढून काढून फेकून द्या. ती राहिली तर टोपण खालपर्यंत जात नाही.
2. टोपण घट्ट बसेपर्यंत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. शेवटी थोडा जोर लागतो, आणि आतला काटा नोझलमध्ये घुसल्याचं हाताला कळतं.
3. उलट फिरवून टोपण काढा. बाटली उलटी धरून हलकी दाबा आणि एक थेंब वॉशबेसिनमध्ये पडतो का ते बघा.

नोझलला आधीच भोक असेल तर हे काही करू नका. बाटलीला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर उघडल्याची तारीख ठळक लिहा, औषधाचं नाव आणि मुदत झाकली जाणार नाहीत अशा बेताने. उघडलेली बाटली साधारण एका महिन्यात टाकून द्यायची, औषध उरलं असलं तरी. पेटीवर वेगळी मुदत असेल तर ती पाळा. एकदाच वापरायच्या छोट्या प्लॅस्टिक कुप्या उघडल्या की त्याच वेळी सांगितलेल्या डोळ्यांत टाकून फेकायच्या. संध्याकाळसाठी राखून ठेवायच्या नाहीत, त्यांत जंतू वाढू न देणारं रसायनच नसतं.

## 4. थेंबाआधीची तयारी

काजळ किंवा सुरमा पुसून घ्या. पापण्यांच्या कडेला चिपडं असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने आतून बाहेर पुसा. कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि थेंबानंतर 15 मिनिटं बाहेरच ठेवा. बऱ्याच थेंबांतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतू वाढू न देणारं रसायन मऊ लेन्समध्ये मुरतं.

मग साबणाने हात धुवा, नखांच्या कडांसकट, आणि स्वच्छ टॉवेलला पुसा. मिरची चिरलेली असेल तर दोनदा धुवा.

बाटली हातात घेतली की लेबल मोठ्याने वाचा. दिवा लावून, चष्मा लावून वाचा. कानाच्या औषधाची बाटली आणि चिकटवायच्या झटपट गोंदाची नळी डोळ्याच्या बाटलीसारखीच दिसते, आणि अंधारात त्या डोळ्यात पडल्याचे अपघात खरोखर होतात. डोळ्याची औषधं वेगळ्या डब्यात ठेवा, त्या डब्यात दुसरं काही नको.

ब्रिन्झोलामाइडसारखं दुधाळ औषध असेल तर बाटली चांगली हलवा, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. औषध एरवी पारदर्शक असतं आणि आज गढूळ दिसतंय, तर ते टाकू नका.

## 5. थेंब टाकणं

पहिले काही दिवस आरशाशिवाय, पाठीवर झोपून सराव करा. डोकं स्थिर राहतं आणि थेंब सरळ खाली येतो. जमायला लागलं की खुर्चीत बसून मान मागे टाका. औषध वाया जाईल ही धास्ती असेल तर डॉक्टरांना विचारून साध्या कोरडेपणाच्या थेंबांवर हात बसवून घ्या.

1. टोपण आडवं, आतली बाजू कशालाही न लागता स्वच्छ कागदावर ठेवा.
2. छताकडे एका ठिकाणी बघा, पंख्याच्या मधल्या गोलाकडे म्हणा. नजर वर असली की बुबुळ वर जातं आणि थेंब त्यावर आदळत नाही. बुबुळावर पडला की डोळा मिटतोच.
3. दुसऱ्या हाताच्या तर्जनीने खालची पापणी हळूच खाली आणि किंचित पुढे ओढा. पापणी आणि डोळ्याच्या मध्ये छोटी लाल झोळी दिसेल. थेंब टाकायची जागा तीच.
4. बाटलीच्या हाताचं मनगट कपाळावर किंवा गालावर टेकवा. टेकू नसला तर हात हवेत हलतो, टेकू असला तर डोकं हललं तरी बाटली सोबत हलते.
5. बाटली उलटी, टोक डोळ्यापासून साधारण बोटाच्या पेराएवढं वर. हलके दाबा आणि वाट बघा. थेंब टोकाशी फुगतो, क्षणभर लोंबतो आणि तुटतो. तो तुटेपर्यंत धीर धरा. इथे लोक घाईने परत दाबतात आणि तीन थेंब एकदम येतात.
6. एक थेंब आत पडला की बाटली बाजूला घ्या आणि टोपण लावा.

एकच थेंब का? एका थेंबात साधारण 30 ते 50 मायक्रोलिटर औषध असतं, आणि डोळ्यात एका वेळी 30 च्या आसपासच मावतं. दुसरा थेंब लगेच टाकला तर पहिल्यालाही बाहेर ढकलतो. उरलेलं औषध गालावर जातं किंवा नाकावाटे रक्तात. नजर त्याने जास्त सांभाळली जात नाही, फक्त त्रास वाढतो.

सावधान: बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला किंवा डोळ्याला लागता कामा नये. एकदा लागलं की जंतू टोकावरून आत जातात आणि तीच बाटली महिनाभर डोळ्यात ते थेंब सोडत राहते. दूषित थेंबांमुळे बुबुळावर जखम होऊन नजर गेल्याची उदाहरणं आहेत. टोक लागलंच तर ते पाण्याने धुऊ नका आणि हाताने पुसू नका. बाटली बदलणं उत्तम, निदान डॉक्टरांना लगेच विचारा.

तपासा: थेंब पडल्याचा गार स्पर्श जाणवला का? फ्रिजमध्ये ठेवायची परवानगी असलेल्या औषधाचा हा मोठा फायदा, गार थेंब आत पडला की नक्की कळतो. तो गालावरच गेल्याची खात्री असेल तर पुन्हा एक टाका. शंका आली की दरवेळी दोन-तीन टाकत बसू नका.

## 6. थेंबानंतरची दोन मिनिटं

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि औषध किती उपयोगी पडेल आणि किती त्रास देईल हे हिच्यावर ठरतं.

थेंब पडला की आपण जोरात पापण्या मिटतो आणि भराभर उघडझाप करतो. उघडझाप म्हणजे पंप: दर वेळी डोळ्यातलं पाणी नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून अश्रूनळीत आणि तिथून नाकात ओढलं जातं. जिभेवर कडू चव आली तर समजा, औषध घशात पोचलं. नाकाच्या अस्तरातून ते थेट रक्तात जातं, गिळलेल्या गोळीसारखं आधी यकृतातून जात नाही. टिमोलॉलच्या एका थेंबाने दमेकऱ्याला धाप लागू शकते ती या वाटेने.

म्हणून असं करा. पापण्या हळूच मिटा, आवळू नका. त्याच वेळी तर्जनीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या हाडाला लागून ठेवा आणि हलके दाबा. बोट हाडावर आहे ना, याकडे लक्ष द्या. बुबुळावर दाब देणं चुकीचं आहे. दोन्ही डोळ्यांत टाकलं असेल तर चष्म्याचं नाकाडं बसतं तिथे अंगठा आणि तर्जनीने चिमटीत धरल्यासारखं दोन्ही कोपरे एकदम दाबा. पूर्ण दोन मिनिटं. मनात मोजलेली दोन मिनिटं बहुधा चाळीस सेकंदांत संपतात, म्हणून मोबाइलवर गजर लावा.

मग डोळ्याबाहेर आलेलं औषध स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने टिपून घ्या, चोळू नका. लॅटानोप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट या औषधांसाठी हे टिपणं फार महत्त्वाचं. कातडीवर राहिलं तर तिथे काळपटपणा येतो आणि लव वाढते. शेवटी हात परत धुवा.

## 7. दोन किंवा जास्त औषधं असतील तर

दोन वेगळ्या औषधांत किमान 5 मिनिटांचं अंतर ठेवा, 10 असेल तर आणखी बरं. लगोलग टाकलं की दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. क्रम बहुतेक वेळा असा: आधी पातळ थेंब, मग दुधाळ, मग जेल, सगळ्यांत शेवटी मलम. मलमाचा तेलकट थर बसला की त्यावर टाकलेला थेंब आत उतरतच नाही. कोरडेपणाचे थेंबही या अंतरात मोजायचे. त्यांना औषध न समजता मध्येच टाकणारे पुष्कळ आहेत.

रात्री 9 वाजता दोन औषधं असतील तर 9 ला पहिलं आणि 9:10 ला दुसरं, असं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. तीन-चार बाटल्या झाल्या आणि दिवसभर तेच चाललंय असं वाटू लागलं, तर गुपचूप एखादी बंद करू नका. जोड-औषध देऊन बाटल्या कमी करता येतील का किंवा लेझरचा पर्याय आहे का, ते डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

## 8. हात थरथरत असेल किंवा दुसरं कोणी टाकत असेल

संधिवाताने बोटं वाकली असतील तर छोटी बाटली दाबली जात नाही. बाटलीभोवती जाड कापडी पट्टी गुंडाळली की पकड येते. बाटली दाबायला मदत करणारी प्लॅस्टिकची साधनंही मिळतात. तेही जमत नसेल तर मिटल्या डोळ्याची पद्धत वापरा: पापण्या स्वच्छ पुसून पाठीवर सपाट झोपा, डोळे मिटा, नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या खळग्यात एक थेंब टाका आणि मान न हलवता डोळा उघडा. थेंब आत घरंगळतो. लहान मुलांनाही हीच पद्धत सोयीची.

सून, मुलगा, नातू, कोणीही टाकत असो, एकाच माणसाकडे एक वेळ नेमून द्या. 'सकाळचं तू, रात्रीचं मी' एवढं ठरलं नसेल तर कधी दोनदा पडतं आणि कधी एकदाही पडत नाही. टाकणाऱ्याने आजी-आजोबांच्या डोक्यामागे उभं राहावं. समोरून येणारी बाटली बघून डोळा आपोआप मिटतो.

सावधान: ब्रिमोनिडिन या काचबिंदूच्या औषधाची बाटली लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. थोडंसं पोटात गेलं तरी मूल गुंगतं आणि श्वास मंदावतो. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डोळ्यात हे औषध टाकायचंच नसतं.

## 9. वेळा, आणि चुकलेला थेंब

दिवसातून दोनदा म्हणजे साधारण 12 तासांनी: सकाळी 8 आणि रात्री 8. सकाळी 8 आणि दुपारी 2 असं टाकलं तर रात्रभर डोळ्याला संरक्षण कमी पडतं. लॅटानोप्रोस्टच्या कुळातली औषधं रोज एकदाच, बहुधा रात्री. ती दोनदा टाकली तर परिणाम वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. टिमोलॉल एकदाच असेल तर बहुधा सकाळी देतात.

थेंब रोजच्या न चुकणाऱ्या कामाला बांधा: सकाळचा चहा, संध्याकाळचा देवापुढचा दिवा, रात्रीच्या बातम्या. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये टाकल्यावर खूण करा, टाकण्याआधी नाही. उपवासाच्या दिवशीही थेंब चुकवू नका.

विसरलात तर आठवल्याबरोबर टाका. पुढची वेळ जवळ आली असेल तर मागचं सोडून द्या आणि पुढचं वेळेवर टाका. भरपाई म्हणून दोन थेंब टाकायचे नाहीत.

## 10. काय चालेल, काय सांगायचं, कशाला थांबायचं नाही

टाकल्यावर काही सेकंद चुरचुरणं, डॉर्झोलामाइडनंतर तोंडात कडवट चव, लॅटानोप्रोस्टच्या सुरुवातीच्या आठवड्यांतली लाली आणि पापण्यांचे केस लांबणं, हे बहुधा सोसण्यासारखं असतं. लॅटानोप्रोस्टने तपकिरी छटेच्या डोळ्याचा रंग गडद झाला तर तो तसाच राहतो. एकाच डोळ्यात टाकत असाल तर फरक दिसू शकतो, आधी माहीत असलेलं बरं. पायलोकार्पिन या औषधाने बाहुली आकसते आणि अंधारात कमी दिसतं. ते चालू असताना रात्री गाडी चालवू नका.

पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करावा असं: पापण्या सुजून खाज येणं, कितीतरी महिने नीट चाललेल्या ब्रिमोनिडिनने डोळा लालभडक होणं, दिवसभर गुंगी येणं, नाडी मंद वाटणं, चक्कर येणं. धाप लागली किंवा शुद्ध हरपली तर थेट दवाखान्यात जा, सोबत बाटली न्या.

डोळा अचानक प्रचंड दुखणं, त्या बाजूचं डोकं ठणकणं, उलटी, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, नजर धूसर होणं: यांतली लक्षणं एकत्र आली तर ती डोळ्यातला दाब एकदम चढल्याची असू शकतात. पित्त झालंय म्हणून घरी थांबू नका. रात्र असली तरी त्याच रात्री नेत्रतज्ज्ञाकडे किंवा मोठ्या रुग्णालयात जा. काही तासांनीही फरक पडतो.

आणि एक कळकळीची विनंती. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून स्वतःहून थेंब घेऊ नका. त्यांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असू शकतं. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून माणूस महिनोन्‌महिने तेच टाकत राहतो, आणि ज्याचा दाब आधीच जास्त त्याचा तो आणखी चढतो. मध, गुलाबपाणी, एरंडेल, दूध हेही डोळ्यात नको.

## 11. तपासणीच्या दिवशी

थेंब रोजच्यासारखेच टाकून जा. 'आज डॉक्टर तपासणार आहेत, नको टाकू' असं करून दाब वाढलेला सापडला तर औषध उगाच बदललं जातं. उलटी चूक त्याहून वाईट: महिनाभर आळस आणि तपासणीआधी चार दिवस नेमाने थेंब. यंत्रावर दाब चांगला दिसतो, नस मात्र बिघडत राहते, आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. मग औषध वाढतं किंवा शस्त्रक्रियेचा विषय निघतो. आठवड्यातून किती वेळा चुकतं, ते खरं सांगा. रागावतील या भीतीने लपवलेला एकेक थेंब तुमच्याच नजरेतून वजा होतो.

शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या डोळ्याचे जुने थेंब चालू ठेवायचे की बंद, हे स्पष्ट विचारा आणि दुसऱ्या डोळ्याचं वेगळं विचारा. एका डोळ्याचे बंद करायला सांगितलं की घरी दोन्ही डोळ्यांचे बंद होतात, ही नेहमीची गफलत. शस्त्रक्रियेनंतर जुनी उघडी बाटली त्या डोळ्याला लावू नका, नवी घ्या.

पिशवीत सगळ्या बाटल्या, अर्ध्या आणि संपलेल्यासुद्धा, चिठ्ठी, खुणा केलेलं कॅलेंडर आणि मागचे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचे कागद न्या. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टसमोर एकदा स्वतःच्या हाताने थेंब टाकून दाखवा आणि विचारा: बाटलीचं टोक लागतंय का, थेंब कुठे पडतोय, बोट हाडावर आहे का. दर भेटीत विचारा, कारण हाताच्या सवयी सहा महिन्यांत बदलतात.